अगरबत्तीनं बरी झालेली गाडी

मंडळी, आज आमच्या गल्लीत चमत्कार झाला अन् तो माझ्याच हातून झाला!

उद्या बिडकीनला भाचीचा साखरपुडा, अन् आमची जुनी कार सिग्नलवर थांबली की थरथरून बंद पडायची. इंजिन कुठून तरी जादा हवा ओढत असणार, पण भेग काही दिसंना. म्हणून पेट्रोल कुठं झिरपत नाय ना ते आधी बघितलं, बॉनेट उघडून इंजिन चालू केलं अन् पेटती अगरबत्ती नळ्यांजवळून फिरवू लागलो.

शेजारच्या काकू लगबगीनं आल्या. "गाडीची पूजा करताय व्हय? थांबा, नारळ आणते!"

मी समजावणार तोवर त्या गेल्यासुद्धा. इकडं धूर एका रबरी नळीच्या भेगेत सर्रकन ओढला गेला. सापडली! इंजिन बंद करून तिथं घट्ट टेप गुंडाळली. तेवढ्यात काकूंनी चाकापुढं नारळ फोडला. मग चावी फिरवली, तर गाडी चालू झाली अन् थरथर एकदम शांत!

"बघा, देवाचं केलं की असं होतं," काकू म्हणाल्या.

दुपारी मी नवी नळी बसवली, ती कुणीच बघितली नाय. आता काकूंनी समोरच्या भाऊंची बंद स्कूटर माझ्या दारात आणून लावलीय. नारळही तयार आहे.

तिची तर बॅटरीच गेलेली दिसतीय. सांगा मंडळी, काय ओवाळू?