जावईबापूंचा रेडिओ

मी स्वतःच्या हाताने बनवलेल्या रेडिओत एकच दोष होता. तो वाजत नसे. बाकी नाव ठेवायला जागा नव्हती. खोका देखणा होता, बटणं झकास फिरत होती, आणि पुढच्या जाळीसाठी आमच्या हिने (म्हणजे महानंदाने) आपला कोरा ब्लाउजपीस कापून दिला होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही सोलापुरात बाळीवेशीत दोन खोल्यांत राहत होतो आणि मी एका कापडगिरणीच्या ऑफिसात कारकून होतो. लग्न नवं होतं, त्यामुळे बायकोवर छाप पाडायची उमेद अजून शिल्लक होती. मासिकात 'घरबसल्या रेडिओ बनवा' अशी जाहिरात वाचली आणि पोस्टाने किट मागवलं. त्यातून शेंगदाण्याएवढे रेझिस्टर, तीन पायांचे ट्रान्झिस्टर आणि एक नकाशा निघाला. नकाशाखाली लिहिलं होतं, 'सोल्डरिंग येत असल्यास एका संध्याकाळचं काम.' मला येत नव्हतं. पण डाख देणं म्हणजे तापलेल्या टोकाने कथील वितळवायचं आणि दोन तारा चिकटवायच्या, त्यात शिकायचं काय!

शिकायचं बरंच होतं, हे आधी टेबलावरच्या चादरीला कळलं, मग माझ्या पँटला आणि शेवटी अंगठ्याला. खरं तर आधी सांधा तापवायचा आणि मग त्याला कथील लावायचं. मी कथीलच वितळवून वरून थेंब थेंब सोडत होतो, बुंदी पाडावी तसे. जितकं कथील जास्त तितका सांधा पक्का, असा माझा समज. डाख धरावा म्हणून राळ लागते, ती मी पूजेच्या सामानाच्या दुकानातून आणली होती. तिच्या धुराने घर भरून जायचं. शेजारचे अण्णा (तेलाचे व्यापारी, घरात कपाटाएवढा रेडिओ) एकदा दारात येऊन म्हणाले, "रोज संध्याकाळी पूजा घालताय की काय?"

"रेडिओ बनवतोय."

"मग घाला. लागेलच ती."

एका रविवारी खोक्यातून चक्क माणसाचा आवाज आला. कन्नडमधून कोणीतरी बाजारभाव सांगत होतं. महानंदा पिठाचे हात घेऊन धावत आली आणि तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की सगळे चटके वसूल झाले. एकच अडचण होती. मागच्या एका सांध्यावर अंगठा दाबून धरावा लागे. अंगठा काढला की नुसती खरखर. हे मी कोणालाच सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात मंगळवेढ्याहून सासूबाईंचा निरोप आला. त्यांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग सांगलीला झालं होतं आणि ते गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर लागणार होतं. त्यात एक भजन सासूबाईंनी एकटीने म्हटलेलं. त्यांच्या थोरल्या जावेने गावभर सांगून ठेवलं होतं की गौराचा आवाज म्हणजे टराटरा फाडलेलं मांजरपाट. आपला आवाज खरंच तसा आहे का, हे सासूबाईंना एकदा बाहेरून ऐकायचं होतं. पण गावात चारचौघांत ऐकायची भीती. न जाणो, जाऊबाईंचंच खरं निघालं तर? म्हणून गुपचूप लेकीच्या घरी यायचं ठरलं. (गुपचूप कसलं! जाऊबाई त्याच एसटीने आल्या.)

अण्णांनी आपणहून बोलावलं होतं, "सगळ्यांना घेऊन आमच्यात या."

महानंदाही म्हणाली, "जाऊ या की हो. आईला परत कधी ऐकायला मिळायचं?"

"जावयाच्या घरी रेडिओ असताना सासूने शेजारी जायचं?" मी म्हणालो. छाती अर्धा इंच पुढे होती.

आता आमच्या सासुरवाडीची रीत सांगायला हवी. त्या घरात देवानंतर जावई. जावयाला खोटं ठरवायचं नाही, त्याच्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, त्याने सकाळला संध्याकाळ म्हटलं तर दिवा लावायचा. या रीतीचा मी मनापासून चाहता होतो. त्या दिवसापर्यंत.

गुरुवारी सासूबाई आणि जाऊबाई चादरीवर पदर सावरून बसल्या. मी खोक्यामागे अंगठा दाबून बसलो. निवेदिका बोलू लागली, "आता ऐका, मंगळवेढ्याच्या महिला भजनी..." आणि अंगठ्याखालचा कथलाचा गोळा सुटून टपकन खोक्यात पडला.

खरखर.

मी घाईघाईने डाख द्यायचा आयर्न तापवला, राळ लावली, डाख दिला. राळेचा धूर निघाल्याबरोबर जाऊबाईंनी सवयीने हात जोडले. डाख बसला, आणि मघापर्यंत बारीक असलेली खरखर चांगली खणखणीत झाली.

घाम पुसत मी वळून बघितलं. दोघी त्या खरखरीच्या तालावर माना डोलवत होत्या!

"लई ग्वाड लागलंय," जाऊबाई म्हणाल्या.

"व्हय की," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंनी केल्याला हाय."

पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते भजनाने नव्हे. मला फार वाईट वाटलं. माझ्या अर्ध्या इंचापायी त्यांचं भजन गेलं होतं.

"आई, बंद पडलाय हो रेडिओ," मी म्हणालो.

"न्हाय न्हाय, लागलाय की. आवाज जरा बारीक हाय, येवढंच."

एवढ्यात बाहेर ओट्यावर खाकरण्याचा आवाज झाला. शेजारीपाजारी खिडकीखाली जमू लागले होते. चार लोकांत जावयाची फजिती होणार, हे सासूबाईंनी ओळखलं. त्यांनी डोळे पुसले, पदर डोक्यावरून नीट ओढला आणि टाळ्यांच्या ठेक्यावर स्वतःच भजन सुरू केलं. जे रेडिओवर लागायचं होतं तेच. मी खरखर बंद करून उगीच बटण फिरवत बसलो. आवाज फाटका नव्हता. जाड होता, रांगडा होता, आणि वरच्या पट्टीत गेला की अंगावर काटा येत होता.

भजन संपलं आणि अण्णा दारात आले.

"काय सेट बनवलाय हो! हेच भजन आमच्यात लागलं होतं, पण आवाज पिपात कोंडल्यासारखा. मी आमचा बंदच केला आणि ओट्यावर बसून तुमचा ऐकला. कोण म्हणत होत्या त्या बाई? असला आवाज मी ऐकला नाही."

म्हणजे भिंतीपलीकडे खरं भजन चालू होतं, आणि ते आमच्यामुळे बंद झालं होतं. मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं. त्या मात्र जाऊबाईंकडे बघत होत्या. जाऊबाईंनी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर जावयाचा रेडिओ बंद पडलाय असं म्हणावं लागणार होतं. त्यांनी तोंड मिटलं. मग परत उघडलं.

"आमच्या गौराचाच आवाज हाय त्यो," त्या म्हणाल्या.

"ऐकलं न्हवं, अक्का?" सासूबाई म्हणाल्या आणि मला भाकरी वाढायला उठल्या. मंगळवेढ्याला परत जाईपर्यंत त्या खुशीत होत्या.

अण्णा मात्र हलेनात. "मलाबी असाच एक सेट करून द्या. आवाज अगदी असाच पायजे."

त्यांना काय सांगणार? तसा आवाज द्यायचा तर सासूबाईंना अण्णांच्या घरी खोक्यामागे बसवून ठेवावं लागलं असतं. "बघतो," मी म्हणालो, आणि पुढे ती जागा सोडेपर्यंत मागच्या गल्लीतून ऑफिसला जात राहिलो.