आबाला म्हनावं

माझी आई आणि माझे आबा, म्हणजे तिचे सासरे, एकाच घरात राहून एकमेकांशी कधी थेट बोलले नाहीत. भांडण अजिबात नव्हतं. सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी आमच्या बोरी गावातल्या घरची जुनी रीत होती. आजी मी जन्मायच्या आधीच गेलेली, वडील दिवसभर शेतात. मग सगळं बोलणं माझ्यामार्फत चालायचं.

"आबाला म्हनावं, पानी तापलंय," आई चुलीपुढून सांगायची. आबा तिथंच ओसरीत बसलेले. मी तोंड उघडायच्या आतच उत्तर यायचं, "म्हनावं, आलोच." मी शाळेत असले की हे काम मांजराकडं असायचं. मांजरही नसलं तर आई सरळ खांबाला सांगायची.

आबांजवळ बोलण्याच्या तऱ्हा पुष्कळ होत्या. जिंतूरच्या बाजारात व्यापाऱ्यांशी ते झकास दखनी उर्दू झाडायचे, भस्म लावून पूजेला बसले की आवाज एकदम मऊ व्हायचा, आणि बैलांशी जे बोलायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण सुनेसाठीची ही आडून बोलायची बोली मला सगळ्यांत आवडायची. तिच्यात मान होता आणि टोमणेही मावायचे. "म्हनावं, मीठ लय सस्तं झालंय का?" आबा पिठलं चाखून विचारायचे. "म्हनावं, तंबाखू खाऊन जिभेची चव गेली आसंल," आई भाकरी थापत म्हणायची. मग ती चुलीकडं तोंड करून हसायची, ते दाराकडं. मधे बसलेल्या मला वाटायचं, माझ्यावाचून या दोघांचं पान हलणार नाही.

मी कॉलेजात असताना आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं आधीच दिसेनासं झालेलं. मी परभणीहून सुट्टी काढून आले होते. सकाळी मागच्या अंगणात घागर भरत होते, तेवढ्यात घरातून आईचा आवाज आला, "म्हनावं, पुढं पायरी हाय."

मी घागर घेऊन मागच्या दारापाशी आले, पण मी जवळ नाही हे आबांना दिसत नव्हतं. मी येऊन हात धरीन म्हणून ते जरा थांबले, मग त्यांनी चाचपडत पाय उचलला.

"मामा, थांबा!" आई ओरडली. भाकरी तशीच टाकून ती धावली आणि पिठाच्या हातानं तिनं त्यांचं मनगट धरलं.

आबा गोंधळून उभे राहिले. "मला म्हनलीस का, बाई?"

"तुमालाच. धरा हात."

दोघं सावकाश पायरी उतरले. मी दारातच उभी राहून बघत होते. आबा पडले नाहीत याचा आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, पोटात दुखलंही. माझ्यावाचून भागलं होतं. संध्याकाळपर्यंत मी फुगून बसले, तेव्हा आई हसून म्हणाली, "नोकरी गेली म्हनून रुसायलीस व्हय?" त्यानंतर घरात तिसरं कुणी नसलं की ते दोघं थेट बोलायचे. मी असले की मात्र पुन्हा माझ्यामार्फत. ते माझ्यासाठीच चाललंय हे मला कळत होतं, तरी मी आनंदानं निरोप पोचवायची.

ती रीत आता गेली. माझी भावजय माझ्या वडिलांना खुशाल दटावते, आणि झालं तेच चांगलं झालं. सुनांनी का म्हणून खांबाशी बोलावं? पण ते "म्हनावं" कानावर पडेनासं झालं, त्याची हुरहूर काही जात नाही.

आबांना जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी तिनं आबांच्या फोटोपुढं दिवा लावला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आबाला म्हनावं, उद्या माझ्या डोळ्याचं आपरेशन हाय. लय भ्याव वाटायलंय."

मी फोटोकडं वळून शब्द न् शब्द सांगितला. आई उत्तराची वाट बघत असल्यासारखी बसून राहिली. मग मीच तिच्याकडं वळले.

"म्हनावं, भिऊ नको बाई. हात धरायला पोरगी हाय."