यादीत न आलेली चार नावे

किहीमजवळच्या आमच्या वाडीतील गणपतीवर दर संकष्टीला सकाळी अभिषेक होतो. ज्यांनी सेवा सांगितली असेल त्यांचे नाव व गोत्र उच्चारून आधी संकल्प सोडायचा, हे काम वयोमानाने माझ्याकडे आले आहे. पूर्वी नावे वहीत लिहून घेत असू. गावची माणसे दूरदूर पांगली, तेव्हा माझ्या सुनेने देवस्थानासाठी एक संकेतस्थळ तयार केले. ती मुंबईच्या एका कंपनीत हेच काम करते. आठवड्यातून दोनदा रो-रो बोटीने जाते, एरवी आमच्या पडवीत बसून काम करते.

आरंभी नाव भरून बटण दाबले की पडद्यावरचे चक्र बराच वेळ फिरत राही. निरोप, पावती, नोंद, सारे पुरे झाल्यावर ‘सेवा रुजू झाली’ ही ओळ उमटे. मला ते रुचेना. दारी आलेल्याला आपण ताटकळत ठेवत नाही, असे मी सुनेला बोलून दाखवले. तिने मग ते काम सर्व्हरवर मागच्या मागे चालणाऱ्या एका स्वतंत्र धाग्याकडे सोपवले. ती त्याला थ्रेड म्हणते. भाविकाला तत्काळ उत्तर मिळू लागले आणि धागा सावकाश आपले काम करू लागला. मी संतुष्ट झालो.

एका संकष्टीला साडेनऊच्या सुमारास माझ्या लक्षात आले की संकेतस्थळावर चंद्रोदयाची वेळ मागच्याच महिन्याची राहिली आहे.

“अगं, ही वेळ बदल. लोक आरतीला भलत्याच वेळी येतील.”

“बाबा, अभिषेक होऊ दे ना. आत्ता नावांची गर्दी आहे.”

“एका ओळीला असा कितीसा वेळ लागतो?”

“ओळीला नाही लागत, तुम्हाला समजावायला लागतो,” ती हसून म्हणाली आणि तिने वेळ बदलली.

दहा वाजता यादी हाती आली. तिच्यातील प्रत्येक नाव मी उच्चारले, अभिषेक झाला. आमच्याकडील विधी फोनवर दिसतो व ऐकू येतो. मी गाभाऱ्याबाहेर येतो न येतो तोच मुंबईच्या रुग्णालयातून एका बाईंचा फोन आला.

“गुरुजी, आमच्या ह्यांचं नाव आलंच नाही. मी शेवटपर्यंत ऐकत होते.”

मी नाव विचारून यादी पुन्हा पाहिली. नाव नव्हते.

“एक वाजता ऑपरेशनला न्यायचंय. नाव ऐकूनच सही करीन म्हणाले होते. आता म्हणतात, देवानंच वगळलं. कागदाला हात लावत नाहीत हो!”

“देवाने नव्हे ताई, आम्ही वगळलं. त्यांना तसंच सांगा, आणि फोन त्यांच्या कानाशी धरा.”

मी पुन्हा आत गेलो. पळीभर पाणी सोडून त्यांचा एकट्याचा संकल्प केला आणि मूर्तीवर तांब्याची धार धरली. पलीकडून क्षीण आवाज आला, “गुरुजी, हिनं गोत्र माहेरचं तर नव्हतं ना भरलं?”

“त्यांनी चोख भरलं होतं. चूक आमची.”

“मग आण तो कागद,” ते पत्नीला म्हणाल्याचे मी ऐकले.

माझे मन मात्र निवांत झाले नाही. सुनेने सर्व्हरची दैनंदिनी तपासली. तीत अर्ज कधी आला एवढेच लिहिले जाते, भाविकाचे नाव नाही.

“यादीत न आलेले चार अर्ज आहेत, बाबा,” ती म्हणाली. “वेळ बदलायला जुना प्रोग्रॅम बंद करून नवा चालू केला. तेव्हा चार धागे निरोप पाठवण्यात गुंतले होते. नोंद शेवटी व्हायची. मूळ प्रोग्रॅमला त्यांचा पत्ताच नव्हता. तो थांबला, तसे तेही गेले. कुठे तक्रारसुद्धा नाही.”

“घाई माझी होती.”

“आणि धागे मोकळे मी सोडले.”

तिने ती व्यवस्था त्याच दिवशी बदलली. आता नाव प्रथम पक्क्या नोंदीत उतरते, मगच भाविकाला उत्तर जाते. निरोप-पावतीचे काम मागेच चालते, परंतु प्रत्येक धाग्याची गणती मूळ प्रोग्रॅमजवळ असते. बंद होण्यापूर्वी तो नवे काम घेणे थांबवतो, हाती असलेले पुरे होऊ देतो; जे उरेल ते ‘अपुरे’ म्हणून लिहून ठेवतो आणि पुन्हा चालू झाल्यावर तेथूनच उचलतो. धागा मध्येच अडखळला तर तिला तसे कळते.

“एखादं काम दोनदा झालं तर?” मी विचारले.

“नाव दोनदा घेतलं तर देव रागावणार नाही, पण निरोप दोनदा गेला तर लोक रागावतात. म्हणून प्रत्येक कामाला खूण आहे. झालेलं पुन्हा करत नाही.”

संकेतस्थळावर आम्ही क्षमायाचना लिहिली: त्या सकाळी ज्यांनी सेवा सांगितली आणि नाव ऐकू आले नाही, त्यांनी कृपया कळवावे. दोघांनी कळवले, त्यांचे संकल्प मी केले. त्या बाईंचे यजमान बरे होऊन घरी परतले.

चौथ्या भाविकाकडून आजवर काही कळलेले नाही. ‘सेवा रुजू झाली’ ही ओळ वाचून तो कदाचित निश्चिंत असेल. म्हणून दर संकष्टीला यादी संपली की नाव-गोत्र ठाऊक नसलेल्या त्या एकासाठी मी आणखी एक पळी पाणी सोडतो.