भरती होण्याइतका आजार

फोन आला तेव्हा मी कोणाचं तरी आरोग्य विम्याचं कार्डच छापत होतो. पलीकडून सोमाजीची बायको, कौसाबाई. "रफिकभाऊ, हे गेले... दवाखाना दिसून राह्यला होता, तवा गेले." समोरच्या गिऱ्हाइकाला ते कार्ड मी कसं दिलं, काही आठवत नाही. त्याला आता महिना उलटला.

सोमाजी वडशाजवळच्या गावचा ढिवर. तलावातली मासेमारी, त्यावरच पोट. माझं दुकान ऑनलाइन कामांचं. कधीतरी सातबारा काढायला म्हणून आला आणि मग पंधरा वर्षं येतच राहिला. येताना पळसाच्या पानात झिंगे आणायचा, वर ऐकवायचा, "बाजारातले शिळे झिंगे खाऊन तुह्या तोंडाची चवच गेली, बावा!" हसला की चौकापर्यंत ऐकू जायचं.

त्याचं कार्ड मीच काढून दिलं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "भरती झाला का सगळं फुकट. फिकर नको करू." खोटं नव्हतं ते. पण साध्या तपासणीला, महिन्याच्या गोळ्यांना हे चालत नाही, हे मात्र तोंडातल्या तोंडात सांगितलं... दुकानात गर्दी होती. झालं! त्याच्या डोक्यात 'भरती' तेवढी बसली.

साखर त्याला आधीपासून होती. कार्ड नव्हतं तोवर कुरकुरत का होईना, गोळ्या विकत घ्यायचा. कार्ड आलं आणि त्याही सुटल्या. उन्हाळ्यात तलावात शिंपल्यानं पाय कापला, जखम चिघळली. मी म्हटलं, "अबे, दाखव ना कुठी." तर मलाच शहाणपण शिकवायला लागला. "जाळ्यात बोटुकली आली तर आपण सोडून देतो ना? वाढू द्याची, मंग धराची. एवढ्याशा दुखण्यावर पैसा काऊन घालू? भरतीलायक होऊ दे, कार्ड हायेच." आणि मी हसलो. अल्लाह माफ करो, हसलो मी.

पाय काळा पडला, अंगात ताप भरला, तेव्हा कुठे गाडी केली त्यांनी. भरती होण्याइतका आजार झाला होता, पण माणूसच पुरला नाही. लोक म्हणतात, तुझा काय दोष? त्यांचं ठीक आहे. मी मात्र आता प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा समजावतो, ते मान डोलावतात आणि "भरतीले चालते ना?" एवढंच विचारून निघून जातात.

मागच्या आठवड्यात कौसाबाई दुकानात आली. निम्मी झालेली, बोलता बोलता खोकत होती. पिशवीतून तिनं सोमाजीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. अगदी कोरं, त्यावर त्याचा हसरा फोटो.

"हे तं वापरलंच नाई, भाऊ. माह्यासाठी चालन का?"

"नाही बाई. तुमचं कार्ड वेगळं आहे."

तिनं कार्ड पदरानं पुसलं, पुन्हा पिशवीत ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मंग किती दिवस खोकलं म्हंजे भरती करून घेतेत?"