मोज्यातलं गार पाऊल

आज सकाळी आळेफाट्याला माझ्या मावशीचा गुडघा बदलला. मी त्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. वॉर्डात माझी जवळची मैत्रीण नर्स होती, म्हणून मी निर्धास्त होते.

चार वाजता मावशीला उभं करायला गेले. ऑपरेशन झालेल्या पायात लोकरी मोजा होता. तो काढला, तर पाऊल पांढरंफटक आणि गार होतं, पावलावरची नाडी लागत नव्हती. चार्टवर मात्र मैत्रिणीने दर तासाला लिहिलं होतं, "नाडी व्यवस्थित."

"तपासली होतीस?"

"अगं, भूल उतरली नव्हती. मला वाटलं, पाय असा आहे तो त्यानंच असेल."

गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावली होती. लगेच पुण्याला निघालो. अँब्युलन्समध्ये मावशी म्हणाली, "तिला बोलू नको गं. पाय गार लागला म्हणून तिनंच मोजा घातला. लई मायेची पोर हाय."

म्हणजे तो गारवा तिच्या हाताला कळला होता.

आत्ता आत थिएटरमध्ये दुसऱ्या पायातली शीर काढून ती इथं जोडून रक्ताला वाट करून देताहेत. पाय वाचेल का, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

तुमचं माणूस ऑपरेशन होऊन आलं, की मोजा काढून दोन्ही पावलांना स्वतः हात लावा. ड्यूटीवर तुमची मैत्रीण असली तरीही.