पहिलाच नकार

मंगळवारी सकाळी सव्वादहाला मार्लिस टॉलेफसन "छे, मला कशाला" असं म्हणाली, आणि मुख्याध्यापिकेच्या खोलीतून निघून पाण्याच्या नळापाशी पोचेपर्यंत तिला कळलं की आपण माती खाल्ली.

तीन उन्हाळे ही भाषेची शिक्षिका एका नव्या अभ्यासक्रमामागे लागली होती. लेक हॅल्वर गावच्या शाळेत सातवीला भाषेच्या तासाला जे शिकवायचे, तेच तिला स्वतःला सातवीत शिकवलेलं होतं. मधल्या काळात गावातला टर्की पक्ष्यांच्या मांसाचा कारखाना वाढला आणि त्याच्यामागून ब्रह्मदेशातली करेन माणसं आली, सोमाली आली, ग्वाटेमालाची आली. वर्गातल्या पोरांच्या घरी मिळून अकरा भाषा, आणि सगळी पोरं बसून वाचायची काय, तर इंग्लंडातल्या कुठल्याशा मेंढपाळावरची कविता. मार्लिसला याचा संताप यायचा. संताप आला की आमच्याकडची माणसं बोलत नाहीत, काम काढतात. तिनेही काम काढलं.

अठरा आठवड्यांचा आराखडा. त्यात एक गोष्ट तिने आधीच ठरवून टाकली होती: देश-देश खेळायचं नाही. या आठवड्यात झेंडा रंगवला, पुढच्या आठवड्यात टाको खाल्ले, की झालं जग, असला पोरखेळ तिला नको होता. पहिले तीन आठवडे नुसतं "गोष्ट सुरू कशी होते" एवढंच. प्रत्येकाने घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून एक गोष्ट ऐकून यायची. आधी करून बघावं म्हणून ती स्वतः चार शनिवार चर्चच्या तळघरात सेर पॉ नावाच्या विद्यार्थिनीच्या आजीसमोर जाऊन बसली. आजी करेन भाषेत सांगायची, सेर पॉ इंग्रजी करायची. हत्तीची आणि गोगलगायीची गोष्ट होती. जिल्हा कार्यालयाच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, "गोष्टीचा मुख्य मुद्दा". मार्लिसने तो विचारला तेव्हा आजी हसत सुटली.

"मुद्दा सांगायचा असता तर मुद्दाच सांगितला असता. गोष्ट कशाला सांगत बसले असते?"

मार्लिसने हेच वाक्य रकान्यात जसंच्या तसं लिहिलं. फॉर्म दोनदा परत आला. प्रत्येक धड्यापुढे सरकारी निकषांचे आकडे घालायचे, ते तिने घातले. आकडे बदलले, तिने पुन्हा घातले. पहिल्या वर्षी शाळेची अभ्यासक्रम समिती म्हणाली, "वेगळंच आहे हं." दुसऱ्या वर्षी म्हणाली, "इंटरेस्टिंग आहे." ती इथेच जन्मलेली, त्यामुळे याचा अर्थ "नाही" असा होतो, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. घरी येऊन तिने भांडी इतक्या जोरात घासली की नवरा व्हर्लिन उठून गॅरेजमध्ये गेला.

मग जुने मुख्याध्यापक शाळा सोडून गेले आणि न्यू जर्सीहून डेनीस याकोव्हेली आल्या. बाईंनी फाईल एका बैठकीत वाचून काढली आणि समितीत तोंडावर विचारलं, "हो की नाही?" तोंडावर नाही म्हणायची तिथे कुणाची छाती होती? पंधरा मिनिटांत मंजुरी. मार्लिस एकसष्ट वर्षांची होती आणि जूनमध्ये निवृत्त होणार होती. म्हणजे हा अभ्यासक्रम शिकवायला तिच्या हातात हे एकच वर्ष होतं.

आणि त्या मंगळवारी याकोव्हेलीबाईंनी विचारलं, "मार्लिस, हा तास तुम्ही घेणार ना?"

"छे, मला कशाला. एखादं तरुण माणूस असेल तर बरं."

"बरं. मग ट्रेंटला देते. कालच विचारत होता तो." आणि बाईंनी पुढचा कागद ओढला.

आता यात बाईंची काय चूक? आमच्या गावात पहिलं "नको" म्हणजे घसा खाकरणं. कॉफी हवी का? नको. अहो घ्या ना. कशाला उगाच त्रास. तिसऱ्यांदा विचारलं की मग म्हणायचं, केलेलीच असेल तर अर्धा कप. व्हर्लिनने लग्नाचं मार्चमध्ये विचारलं होतं, मे महिन्यात विचारलं होतं आणि ऑगस्टमध्ये ती हो म्हणाली. सगळ्यांनीच पहिल्या नकाराला उठून जायचं ठरवलं असतं तर अर्धं गाव बिनलग्नाचं राहिलं असतं. मार्लिसला तो तास हवा होता. पण त्याच्याबरोबर आग्रहही हवा होता. तीन वर्षं राबल्यावर कुणीतरी म्हणावं की बाई, तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही. त्या एका वाक्यासाठी ती दोन क्षण खुर्चीत बसून राहिली, आणि बाईंनी मान वर करून विचारलं, "आणखी काही?"

"नाही, काही नाही," असं म्हणून ती उठली.

"मग आता जाऊन सांग की मला हवाय," व्हर्लिन त्या रात्री जेवताना म्हणाला.

"असं कसं सांगायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील की तिला हवाय."

"तेच तर."

व्हर्लिनने बटाटे वाढून घेतले. "बरं, मी सांगू का?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी कुठे पडतोय," तो म्हणाला, आणि हा विषय तिथे संपला. मार्लिससाठी नाही. तिला बाईंचा राग येत होता, ट्रेंटचा येत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा.

गुरुवारी निरोप आला की फाईल ट्रेंटला नेऊन द्या. ट्रेंट स्कोग्लंड इतिहास शिकवायचा आणि पोरांना कुस्ती शिकवायचा. सातवीत तो तिच्याच हाताखाली होता, आणि आता दारात मावत नसला तरी तिला अजून "टॉलेफसनबाई" म्हणायचा. ती गेली तेव्हा तो बाकं गोलात लावत होता. फळ्यावर पोरांची नावं होती आणि प्रत्येक नावाखाली ते म्हणायचं कसं, ते लिहिलेलं.

"घरोघरी फोन केले," तो जरा लाजत म्हणाला. "सेर पॉचं नाव मी वर्षभर चुकीचं म्हणत होतो. गोड फूल असा अर्थ आहे म्हणे."

मार्लिसने फाईल त्याच्या टेबलावर ठेवली. तो उभ्याउभ्याच चाळायला लागला आणि बराच वेळ चाळत राहिला. कुस्तीवाला इतक्या सावकाश पानं उलटेल असं तिला वाटलं नव्हतं.

"बाई, एक विचारू? यात सगळे आहेत, आपण कुठे आहोत? इथली म्हातारी माणसं? माझी आजी कशी बोलायची, ते पोरांना कोड्यासारखंच वाटेल."

प्रश्न चांगला होता. तीन उन्हाळ्यांत तो तिला सुचला नव्हता, आणि या पोराला पाच मिनिटांत सुचला. तिला इतका राग आला की तिने खिडकीबाहेर पाहिलं.

ट्रेंटने तिच्याकडे पाहिलं, मग फाईलकडे. तो इथलाच होता. मंगळवारी काय झालं असेल, हे त्याने ओळखलं असणार.

"टॉलेफसनबाई, तुम्हाला हवा असेल तर तुम्हीच घ्या ना हा तास. तुमचाच आहे तो."

हे पहिलं विचारणं होतं. पहिलं विचारणं म्हणजे रीत, त्याच्यात देणं नसतं. त्यावर तिने "अरे छे, तुझा तुला" म्हणायचं, त्याने पुन्हा म्हणायचं, तिने पुन्हा नाही म्हणायचं, आणि फाईल जिथे आहे तिथे राहायची. दोघांनाही हे पाठ होतं.

"घेते," मार्लिस म्हणाली.

ट्रेंटचे कान लाल झाले. त्याने फळ्याकडे एकदा पाहिलं. "हो," तो म्हणाला. "हो, घ्या की. छानच झालं." आणि त्याने फाईल बंद करून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

त्या "छानच झालं"चा अर्थ तिला समजला. जन्मभर ती हेच ऐकत आली होती. फाईल परत टेबलावर ठेवायला तिला एवढासा वेळ होता आणि तिने तो जाऊ दिला. व्हरांड्यातून जाताना आनंद व्हायला हवा होता. झाली ती लाज. पण पाय थांबले नाहीत.

"तो भाषेचा तास," ती याकोव्हेलीबाईंना दारातूनच म्हणाली. "तो मी घेणार आहे."

बाईंनी चष्मा काढला. "मंगळवारी तर नको म्हणालात."

"तुम्ही एकदाच विचारलंत."

बाईंनी चष्मा पुन्हा घातला. त्यांना काहीच कळलं नव्हतं, हे स्वच्छ दिसत होतं. "आणि ट्रेंट? त्याची हरकत नाही ना? त्याला मनापासून हवा होता."

मार्लिसने फाईल छातीशी धरली.

"मी त्याला विचारलंय," ती म्हणाली. "तो हो म्हणाला."

"मग प्रश्नच मिटला," असं म्हणून बाईंनी वेळापत्रकातलं ट्रेंटचं नाव खोडलं.