तेन्रीचा रोजा

इंडोनेशियातल्या मकासर शहरात आम्ही काहीजणी एकाच घरात भाड्याने राहून विद्यापीठात शिकत होतो. आमच्यातल्या तेन्रीला लहानपणापासून फिट्स यायच्या. सकाळ-दुपार गोळी घ्यावी लागे, म्हणून ती रमजानात रोजे धरत नसे. आजाऱ्याला सूट आहे, असं तिच्या गावच्या इमामांनीच सांगितलं होतं.

आमच्यात मुनिफा सर्वांत धार्मिक. कुराणाचा वर्ग तीच घ्यायची. त्या वर्षी रमजान लागताच ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सूट कच्च्या इमानवाल्यांना असते गं. तुझा भरवसा अल्लाहवर आहे की गोळीवर?"

तेन्रीने हसून टाळलं. पण रोज तेच ऐकून शेवटी तिने गोळ्यांचं पाकीट मुनिफाच्या हातात दिलं. मुनिफाने तिला मिठी मारली.

आठवड्याभरात तेन्री नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना, नळापाशी कोसळली. दात तुटले, जीभ चावली गेली. दवाखान्यात मुनिफा उशाशी बसून म्हणाली, "सलाईन लावलं ना, आजचा रोजा तुटला. नंतर भरून काढ हं."

तेन्रीला बोलता येत नव्हतं. तिने मान हलवली. नर्सने तोंडाशी पाणी धरलं, तेव्हा तिने तोंड फिरवलं आणि सूर्यास्ताला होणाऱ्या मगरिबच्या अजानपर्यंत ओठ मिटून ठेवले.